पर्यावरणाच्या वह्या आणि मुगाची रोपे

गेल्या महिन्यात पर्यावरणशास्त्राच्या १२६ प्रकल्पवह्या माझ्या टेबलावर येऊन पडल्या. दरवर्षीच पडतात. मुखपृष्ठावर हिरवे झाड, आत सुवाच्य अक्षर, शेवटी 'निष्कर्ष' आणि 'आभार'. तपासावयास बसलो तेव्हा असे दिसून आले की, यांतील बहुसंख्य वह्या मूळच्या चार-पाच वह्यांचीच संतती आहेत. आमच्या तालुक्यापासून समुद्र शंभर कोसांवर. तरीही तीन विद्यार्थ्यांनी खारफुटीचे 'प्रत्यक्ष निरीक्षण' केले होते. एका विद्यार्थिनीने नदीच्या प्रदूषणाची पाहणी केली होती, पण ती नदी दुसऱ्याच जिल्ह्यातली होती. तिला बोलावून विचारले, तेव्हा ती फारशी संकोचली नाही. "सर, दुकानात तीच वही शिल्लक होती," एवढेच म्हणाली.

महाविद्यालयाच्या फाटकासमोर झेरॉक्सचे दुकान आहे आणि तेथे अशा तयार वह्या मिळतात, ही गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, प्राध्यापकांना ठाऊक आहे आणि बहुधा विद्यापीठालाही ठाऊक असावी. अशा वेळी मुलांना दोष देणे सोपे असते. मीही पुष्कळ वर्षे तो देत आलो. परंतु थोडा विचार करता असे वाटू लागते की, वही विकत घेणाऱ्या मुलाचा व्यवहार अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदी चोख आहे. जी वस्तू मागितली जाते ती तो कमीत कमी खर्चात पुरवितो. आपण त्याच्याकडे वही मागतो, तो वही देतो. त्याने काही पाहावे, मोजावे, चुकावे आणि पुन्हा मोजावे, अशी मागणी आपण त्याच्याकडे केलेलीच नसते.

अर्थशास्त्राच्या माणसाने या वह्या का तपासाव्यात, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचा इतिहास थोडक्यात असा. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर सक्तीने शिकविण्याचे आदेश दिले. त्यानंतर एक तप उलटले, आणि न्यायालयाने पुन्हा कान उपटल्यावर २००३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम तयार केला. पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. अभ्यासक्रम ५० तासिकांचा. त्यांपैकी ४५ वर्गात आणि ५ बाहेर. गुण शंभर, ७५ लेखी परीक्षेला, २५ क्षेत्रकार्याला. विज्ञान शाखेत हा विषय शिकवावयास माणसे होती. कला आणि वाणिज्य शाखांत तो ज्याचा कार्यभार कमी भरे त्याच्या गळ्यात पडला. माझा भरत नव्हता.

पुढे अभ्यासक्रम बदलत गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अनुभवाधारित शिक्षणाचा जोरदार पुरस्कार झाला आणि २०२३ साली आयोगाने पर्यावरणशिक्षणाविषयी नवी मार्गदर्शक तत्त्वेही काढली. कागदावर उणे काही नाही. परंतु २००३ च्या त्या पाच तासिकांत काय करावयाचे होते ते पाहिले, तर दुखणे कोठे आहे ते ध्यानात येते. जवळच्या नदीला, टेकडीला वा कुरणाला भेट. प्रदूषित स्थळाला भेट. परिसरातील वनस्पती, कीटक व पक्षी यांचा परिचय. तळे वा डोंगरउतार यांसारख्या साध्या परिसंस्थेचा अभ्यास. हे सर्व चांगलेच आहे. तथापि भेट म्हणजे प्रयोग नव्हे. भेटीत पाहुणा जसे दाखविले जाते तसे पाहून येतो. प्रयोगात आपण काहीतरी बदलतो, काहीतरी मुद्दाम तसेच ठेवतो, आणि निसर्ग काय उत्तर देतो याची वाट पाहतो. उत्तर आधी ठाऊक नसणे हा प्रयोगाचा प्राण आहे. तोच नेमका आपल्याला परवडत नाही.

परिस्थितिविज्ञान, म्हणजे ज्याला आपण सर्रास इकॉलॉजी म्हणतो, ते आणि अर्थशास्त्र ही दोन्ही नावे घर या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दावरून आली आहेत. हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली इकॉलॉजीचे नामकरण केले तेव्हा अर्थशास्त्र वयाने बरेच थोरले होते. एका घरचे हे दोन भाऊ आता एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत, हा भाग निराळा. परंतु या नात्यामुळेच मला धीर आला, आणि गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यात मी वाणिज्य शाखेच्या २४ विद्यार्थ्यांना वहीऐवजी मूग आणावयास सांगितले.

प्रयोग अगदी साधा होता. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या पिशव्या धुऊन घेतल्या. चाळलेली माती आणि थोडे शेणखत एकत्र कालवून सर्व पिशव्यांत सारखेच भरले. एकूण पिशव्या वीस. पहिल्या चार पिशव्यांत दोन-दोन रोपे, पुढच्या चारांत चार-चार, मग आठ, सोळा आणि शेवटी बत्तीस. जास्त बी पेरावयाचे, आणि उगवल्यावर विरळणी करून नेमकी संख्या ठेवावयाची. पाणी सर्वांना मापाने. वऱ्हांड्यात पिशव्यांची रांग लावली, त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझी बरीच थट्टा झाली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक आता भाजीपाला विकणार, असे एका सहकाऱ्यांनी जाहीर केले.

पेरणीच्या आधी मी प्रत्येकाला फळ्यावर अंदाज लिहावयास लावले. दोन रोपांच्या पिशवीतून जेवढा पाला मिळेल त्याच्या किती पट बत्तीस रोपांच्या पिशवीतून मिळेल? बहुतेकांनी सोळा पट लिहिले. गणित बरोबर होते. मागच्या बाकावर शेतकऱ्यांची चार-पाच मुले होती. ती हसू लागली. एकाला उठवले. "दाट पेरलं की नुसती काडी वाढते, सर. विरळणी केली नाही तर शेंग धरत नाही," तो म्हणाला. त्याला अंदाज लिहावयास सांगितला, तर त्याने "दुप्पट-तिप्पट" असे लिहिले, आणि आपले चुकले असावे अशा चेहऱ्याने खाली बसला. बारा वर्षांच्या शिक्षणाने त्याला एवढे पक्के शिकविले होते की, शेतात कळते ते ज्ञान नव्हे.

पाच आठवड्यांनी रोपे जमिनीलगत कापली, रसायनशास्त्र विभागाच्या भट्टीत वाळवली आणि त्याच विभागाच्या काट्यावर तोलली. (काटा मिळविण्यासाठी मला लेखी अर्ज करावा लागला, अर्थशास्त्र विभागाने वजनकाटा मागितल्याची नोंद त्यांच्या दप्तरात प्रथमच झाली असावी.) दोनवरून चार, चारवरून आठ रोपांपर्यंत पिशवीतील एकूण वजन वाढत गेले. आठच्या पुढे ते जवळजवळ थांबले. बत्तीस रोपांच्या पिशवीत पाला आठ रोपांच्या पिशवीइतकाच, मात्र एकेक रोप दोऱ्यासारखे बारीक. मातीत होते तेवढेच अन्न आणि वरून येत होता तेवढाच प्रकाश. वाटेकरी मात्र वाढले होते.

ओसाका येथील तात्सुओ किरा आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली हाच नियम मांडला: दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की क्षेत्रातले अंतिम उत्पन्न स्थिर होते. आणि आम्ही अर्थशास्त्राची मंडळी तर रिकार्डोपासून, म्हणजे १८१७ पासून, घटत्या फलाचा नियम घोकीत आलो आहोत. पंधरा वर्षे मी तो वक्र फळ्यावर काढीत आहे. आधी चढतो, मग वाकतो, मग सपाट होतो. तो वक्र मी स्वतः त्या दिवशी प्रथम पाहिला, हे कबूल करावयास मला आता लाज वाटत नाही. तेव्हा थोडी वाटली.

मात्र मी हे सर्व लिहितो आहे ते या यशासाठी नव्हे. सोळा रोपांच्या चार पिशव्यांपैकी एकीने दगा दिला. तिचे वजन चार रोपांच्या पिशवीहूनही कमी भरले. त्या गटाचा प्रमुख हुशार मुलगा. बारावीला उत्तम गुण मिळविलेला. तो बाजूला येऊन हळूच म्हणाला, "सर, हा आकडा बाकीच्या तिघांच्या सरासरीइतका करू का? नाहीतर आलेख बिघडतो." त्याच्या स्वरात लबाडी नव्हती. आपण नीटनेटके काम करीत आहोत, अशीच त्याची भावना होती. विज्ञानाच्या प्रयोगवहीत शाळेपासून त्याने हेच केलेले होते: पुस्तकात असलेले उत्तर आधी लिहावयाचे आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणे भरावयाची. आपल्याकडील प्रयोगशाळांत शिकलेल्या प्रत्येकाने, मग तो आज डॉक्टर असो वा अभियंता, हे कधी ना कधी केलेले आहे. वाचकांनी आपल्या मनाशी विचारून पाहावे.

मी त्याला आकडा तसाच ठेवावयास सांगितले आणि पिशवी उलटी करून पाहा म्हटले. पिशवीच्या तळाला भोक पाडावयाचे राहून गेले होते. शिवाय ती रांगेच्या टोकाला, पागोळीखाली होती. आतली माती चिखल झालेली, मुळे काळी पडून कुजलेली. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, पाणी साचले की मातीतली हवा जाते, हे त्या वाणिज्याच्या मुलांनी तेथे उभे राहून शोधून काढले. एक मुलगी म्हणाली, "आमच्या खालच्या बांधाला पीक असंच पिवळं पडतं." मग दुसऱ्याने विचारले की, सर्व पिशव्यांच्या जागा दर आठवड्याला बदलल्या असत्या तर पागोळीचा दोष सर्वांत सारखा वाटला गेला नसता का? संख्याशास्त्राच्या तासाला जी गोष्ट समजावून सांगताना माझी दमछाक होते ती त्याने आपण होऊन काढली होती. त्या बिघडलेल्या पिशवीने बाकीच्या एकोणीस पिशव्यांपेक्षा अधिक शिकविले. आकडा दुरुस्त करू दिला असता तर यातले काहीच झाले नसते.

दुसरा प्रयोग पाझर तलावावर केला. यात मात्र रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांची मदत घ्यावी लागली, कारण पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची रीत, जी १८८८ पासून चालत आली आहे, तीत जपून हाताळावयाची रसायने लागतात. काचेच्या बुचाच्या तीन बाटल्या तलावाच्या एकाच जागच्या पाण्याने भरावयाच्या. पहिलीतला प्राणवायू लगेच मोजावयाचा. दुसरी पारदर्शक तशीच, तिसरी काळ्या कापडात गुंडाळून, अशा दोन्ही दोरीने पाण्यात सोडावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी काढावयाच्या. उघड्या बाटलीत पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती प्राणवायू तयारही करतात आणि वापरतातही. काळ्या बाटलीत नुसता वापर होतो. समजा, आरंभी लिटरला ६ मिलिग्रॅम होता, उघड्या बाटलीत ९ झाला आणि काळ्या बाटलीत ४ उरला. तर निव्वळ वाढ ३, श्वसनात खर्च २ आणि एकूण निर्मिती ५. गार्डर आणि ग्रान या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी १९२७ साली ही युक्ती प्रसिद्ध केली.

हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा वर्गात एक विलक्षण गोष्ट घडली. "सर, हे तर स्थूल आणि निव्वळ राष्ट्रीय उत्पादन आहे. घसारा वजा केला," असे कोणीतरी ओरडले. मी हे उदाहरण देणारच होतो. ते माझ्या हातून काढून घेतले गेले याचा मला आनंदच झाला. त्यानंतरचा प्रश्न मात्र माझ्या तयारीत नव्हता. तलावाच्या हिशेबात श्वसन वजा होते, मग देशाच्या हिशेबात यंत्रांचा घसारा वजा करतात तशी झिजलेली माती आणि उपसलेले भूजल का वजा करीत नाहीत? वाणिज्याच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न आहे, आणि जगातले मोठे मोठे अर्थशास्त्रज्ञ गेली काही दशके त्याच्याशी झुंजत आहेत. तो पाठ्यपुस्तक वाचून सुचलेला नव्हता. दोरीने बांधलेल्या बाटलीतून वर आला होता.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, बाटली म्हणजे तलाव नव्हे आणि पिशवी म्हणजे शेत नव्हे. निसर्गाचे जाळे इतके गुंतागुंतीचे की त्याचा तुकडा काचेत कोंडून काही कळावयाचे नाही. आक्षेपात तथ्य आहे. बाटलीत वारा नाही, लाट नाही, मासा नाही. परंतु या शास्त्राचा स्वतःचाच इतिहास असे सांगतो की, त्याने आपल्या काही मूलभूत कल्पना काचेच्या नळीतच तपासून घेतल्या. मॉस्कोमध्ये गाउझे नावाच्या तरुणाने पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढविल्या. एक टिकली, दुसरी नाहीशी झाली. मग त्याने जोडी बदलली. नव्या जोडीतल्या दोन्ही जाती मजेत एकत्र राहिल्या, कारण एक जात वरच्या पाण्यातले जीवाणू खात होती आणि दुसरी तळाशी बसलेले यीस्ट. पहिल्या जोडीचा प्रयोग १९३४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला तेव्हा गाउझेचे वय पंचविशीच्याही आत होते. पुढे १९५८ साली कॅलिफोर्नियात हफेकर यांनी संत्र्यांवर जगणारी कोळीकिडीची एक जात आणि तिला खाणारी दुसरी जात घेऊन संत्री आणि रबरी चेंडू यांची मांडणी केली. साध्या मांडणीत भक्षक सगळे भक्ष्य संपवी आणि मग स्वतः उपाशी मरे. मध्ये व्हॅसलीनचे अडथळे घातले, लपावयास व पळावयास वाट ठेवली, तेव्हा दोघांची संख्या आलटून पालटून वरखाली होत राहिली. संत्री, चेंडू आणि व्हॅसलीन! यांतली कोणती वस्तू आपल्या तालुक्याच्या बाजारात मिळत नाही?

आपल्याकडेही या परंपरेचा अभाव नाही. बनारस हिंदू विद्यापीठातील रामदेव मिश्र यांनी १९६८ सालीच 'इकॉलॉजी वर्कबुक' हे विद्यार्थ्यांनी हातांनी करावयाच्या कामाचे पुस्तक काढले होते. शाळेच्या पातळीवर तर मध्य प्रदेशात, आता ज्याला नर्मदापुरम म्हणतात त्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला आणि तो पुढे शेकडो शाळांत पसरला. त्या उपक्रमाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही की, त्यात परीक्षाही बदलली होती. पुस्तक उघडे ठेवावयास परवानगी असे आणि प्रयोग हातांनी करून दाखवावा लागे. २००२ साली तेथील सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट बंद करावयास एक आदेश पुरतो.

तिसऱ्या प्रयोगाने मला थोडे अडचणीत आणले, तेही सांगितले पाहिजे. बर्लेसे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने १९०५ साली पालापाचोळ्यातले सूक्ष्म प्राणी वेगळे करण्यासाठी एक नसराळे तयार केले. पुढे स्वीडनच्या तुल्ग्रेन यांनी त्याला विजेचा दिवा जोडला. आम्ही ते पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून बनविले. त्यात डासांच्या जाळीचा तुकडा, जाळीवर ओंजळभर पाला आणि माती, वर साधा पिवळा दिवा, खाली पेल्यात थोडे स्पिरिट. दिव्याच्या उष्णतेने पाला वरून वाळत जातो, आतले जीव ओलाव्याकडे खाली सरकतात आणि पेल्यात पडतात. भिंगाखाली पाहिले की टुणटुण उडणारे स्प्रिंगटेल, ठिपक्याएवढ्या माइट, भुंगेऱ्यांची पोरे. वसतिगृहामागच्या दुर्लक्षित वडाखालच्या एका ओंजळीतून मुलांनी मोजता मोजता कंटाळा येईपर्यंत जीव काढले. कार्यालयासमोरच्या, रोज झाडून लख्ख केलेल्या जमिनीच्या ओंजळीतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

"मग आपण रोज पाला का जाळतो, सर?" हा प्रश्न यावयाचाच होता. मुले प्राचार्यांकडे गेली. प्राचार्य भले गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले की, तपासणी समिती यावयाची आहे, आवार स्वच्छ दिसले पाहिजे. झाडलोटीचा ठेका महिन्याच्या हिशेबाने दिलेला. खड्डा खणून पाला कुजविण्यासाठी अंदाजपत्रकात रकाना नाही. मुलांनी झाडलोट करणाऱ्या मावशींनाही विचारले. त्या म्हणाल्या, "बाळांनो, जाळला नाही तर वाऱ्यानं परत पसरतो, आणि साहेब मलाच बोलतात." पर्यावरणाच्या प्रश्नाचे असे पदर असतात. त्यात माइट असते, ठेका असतो, आणि मावशींची नोकरी असते. वर्गात कितीही व्याख्याने दिली असती तरी यातले काही वहीत उमटले नसते. खड्डा अजून झालेला नाही. पण वडाखालचा पाला तेवढा हल्ली कोणी जाळीत नाही.

खर्चाचा मुद्दा मी दोन वाक्यांत संपवितो. मूग, बाटल्या, जाळी, दिवा, स्पिरिट मिळून २४ विद्यार्थ्यांचा खर्च त्यांच्या तयार वह्यांच्या एकूण किमतीहून कमी आला. रसायने आणि काटा महाविद्यालयात होताच. तेव्हा पैसा नाही, ही सबब या बाबतीत तरी चालणार नाही.

खरी अडचण माणसांची आणि वेळापत्रकाची आहे. २४ विद्यार्थ्यांना जे जमले ते १२६ जणांना एका माणसाने जमविणे शक्य नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो. उरलेल्या १०२ जणांनी वह्याच आणल्या आणि मी त्या घेतल्या. प्रयोगाचा तास हा व्याख्यानाच्या तासाइतकाच कार्यभारात धरला जाईल, असे ठरल्याशिवाय कोणताही प्राध्यापक दुपारच्या उन्हात तलावावर जाणार नाही, आणि त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळा आठवड्यातून एक दुपार कला आणि वाणिज्यासाठी खुल्या करता येतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातील विच्छेदन बंद केले, तेव्हापासून मेणाच्या थाळ्या कपाटात पडून आहेत. पिढ्यान् पिढ्या आपण बेडूक कापून त्याचे हृदय पाहिले. तो शेतात काय खातो आणि तो नसला तर काय होते हे पाहिले नाही. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ साली बंद केली, त्यामागे हाच विचार होता. आता त्या थाळ्यांत पाला ठेवून पाहावयास काय हरकत आहे?

मोबाइलवरील चित्रफिती आणि आभासी प्रयोगशाळा यांचाही पर्याय सुचविला जातो. जेथे दुसरे काहीच नाही तेथे त्यांचा उपयोग होईल. परंतु पडद्यावरच्या पिशवीला नेहमीच भोक पाडलेले असते आणि पडद्यावरचा आलेख कधी बिघडत नाही.

मग गुणांचे काय? त्या २५ गुणांपैकी मोठा वाटा पक्क्या वहीला नव्हे तर कच्च्या वहीला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जागेवर, तारीख घालून, खाडाखोडीसह केलेली नोंद. आधी केलेला अंदाज. आणि अंदाज चुकला तर तो का चुकला याचा शोध. अपेक्षेपेक्षा निराळा आकडा आला म्हणून गुण कापावयाचे नाहीत, कापावयाचे तर आकडा फार सुबक आला तर. कच्ची वही दुकानात विकत मिळत नाही. उद्या मिळू लागेलही, आपल्या बाजाराविषयी मला आदर आहे. परंतु तोंडी परीक्षेत दोन प्रश्न विचारले की पिशवी कोणी उलटी केली ते कळते.

या वर्षी मी असे करून पाहिले. ज्या मुलाने पिशवीचा आकडा दुरुस्त करण्याविषयी विचारले होते, त्याच्या कच्च्या वहीत तो आकडा तसाच आहे. शेजारी कुजलेल्या मुळाचे पेन्सिलीने काढलेले चित्र आहे आणि खाली "भोक पाडले नव्हते, चूक आमची" असे लिहिले आहे. त्याला मी २५ पैकी २२ गुण दिले. खारफुटी पाहून आलेल्या तिघांना प्रत्येकी ५ दिले. गुणपत्रकात मांडणी, चित्रे आणि निष्कर्ष एवढेच छापील रकाने होते. कच्च्या नोंदींसाठी मी हाताने एक चौथा रकाना आखला. परवा परीक्षा विभागाने ते गुणपत्रक परत पाठविले आहे. छापील रकान्यांची बेरीज जुळत नाही, आणि तीन विद्यार्थ्यांची मांडणी व चित्रे उत्तम असताना गुण कमी का, असा शेरा मारला आहे. शनिवारपर्यंत खुलासा मागितला आहे. मी तो लिहावयास घेतला आहे. सोबत पिशवीही पाठवावी काय, याचा विचार चालू आहे.